दहा चिंचोके आणि पाण्याच्या खेपा



घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरतं आणि त्यावर १९१५ पासून वीज तयार होते. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळच फाटतं. तरी मे महिन्यात वाडीतली बाई हंडा घेऊन चालतेच आहे.

गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघतो तेव्हा काय होतं? दोघी-तिघी बोलतात, एक वहीत लिहिते, बाकीच्या मान डोलावतात. सासू समोर असली की सून गप्प. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच विषय.

एकदा वही बाजूला ठेवून बघा. सारवलेल्या अंगणात रांगोळीने आपली वाडी काढा. वाट, ओढा, नळ. विहिरीच्या जागी बांगडी, घरांच्या जागी बाटलीची झाकणं. मग काडेपेटी फिरवा. काल पाण्याच्या जितक्या खेपा झाल्या, तितक्या काड्या जिने तिने आपल्या घरापाशी ठेवायच्या. कुणाच्या दारात दोन पडतील, कुणाच्या दारात नऊ. नऊ खेपा तोंडाने सांगायला सुनेला धीर लागतो, काडी ठेवायला लागत नाही.

आता कारणं. आटलेल्या विहिरीसाठी रिकामी वाटी, बंद पंपासाठी बॅटरीचा सेल, फुटक्या पाइपासाठी पपईचा पोकळ देठ, पाणी वर चढत नाही त्यासाठी वीट. लिहिता-वाचता न येणारीलाही हे कळतं. सगळ्या गटाला मिळून दहाच चिंचोके द्या आणि जे कारण मोठं, तिथे जास्त ठेवायला सांगा. प्रत्येकीला दहा नाही हं! रवी जयकरन यांच्या दहा बियांच्या पद्धतीतली मेख हीच. एकीकडे चिंचोका वाढवायचा तर दुसरीकडचा उचलावा लागतो, आणि उचलताना का ते सांगावं लागतं. खरी चर्चा तिथे होते. एखादी मोठ्या आवाजाची सगळे चिंचोके आपल्याकडे ओढते. तिला मी काड्या मोजायच्या कामाला लावते.

पण चिंचोके सांगतात ते आपलं मत. पाइप खरंच फुटलाय का, हे दुसऱ्या दिवशी दोघींनी चालत जाऊन बघायलाच हवं.

उठण्याआधी सगळं कागदावर उतरवा, मोबाइलवर फोटो काढा. कोंबड्या आल्या की वाडी पुसली! ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तसं कायद्यातच आहे. तो कागद तिथे न्या, नऊ काड्यांच्या घरासकट, आणि मागणी ठरावात लिहून घ्या.