सांगाडा वाचला, तर गाडी वाचली!
जुनी जपानी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करताना खरी कसोटी लागते ती इंजिनाची नव्हे, तर पत्र्याची

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार नव्याने उभी करायची म्हटले, की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते तिचे इंजिन. प्रत्यक्षात या कामातील जाणकार आधी गाडीखाली वाकून पत्रा पाहतात. कारण इंजिन दुसरे बसवता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. मात्र सांगाडा बदलला की गाडीच बदलते. निसान कंपनीची 'स्कायलाइन जीटी-आर' ही गाडी याचे उत्तम उदाहरण ठरावी.

'गॉडझिला'चा दबदबा

'आर-३२' या नावाने ओळखली जाणारी ही जीटी-आर १९८९ मध्ये जपानच्या बाजारात आली आणि १९९४ पर्यंत तिच्या जवळपास ४४ हजार गाड्या तयार झाल्या. २.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, दोन टर्बो आणि गरजेनुसार पुढच्या चाकांनाही शक्ती पुरवणारी यंत्रणा ही तिची वैशिष्ट्ये. जपानी कंपन्यांमधील अलिखित समझोत्यामुळे कागदावर तिची शक्ती २८० अश्वशक्तीच ठेवण्यात आली होती. जपानमधील ग्रुप-ए शर्यतींत १९९० ते १९९३ या काळात तिने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची प्रतिष्ठेची शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा मारली. 'गॉडझिला' हे टोपणनाव तिला ऑस्ट्रेलियातच मिळाले.

पुढे मात्र अनेक गाड्या देशाबाहेर गेल्या. जपानमध्ये खासगी मोटारीची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते आणि तेरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीला जादा कर भरावा लागतो. दुसरीकडे, २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना अमेरिकेच्या आयात नियमांतून सूट मिळते. त्यामुळे २०१४ पासून तेथे 'आर-३२'ला दार उघडले. मागणी वाढली, भाव वाढले आणि एकेकाळी भंगारात गेली असती अशी गाडीही दुरुस्त करणे परवडू लागले.

गंज आतून येतो

मोटारीचा सांगाडा म्हणजे साच्यातून काढलेले पोलादी पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी वेल्डिंगने सांधलेली पेटी. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरते, निचऱ्याची छिद्रे मातीने बुजतात आणि गंज आतल्या बाजूने वाढत जातो. बाहेरच्या रंगावर लहानसा फोड दिसतो, तोवर आतला पत्रा चाळणी झालेला असतो. दारांखालचे पोकळ उंबरे, मागच्या चाकांवरील कमानी आणि सस्पेन्शनचा भार पेलणारे मनोरे या 'आर-३२'च्या दुखऱ्या जागा. मनोऱ्याचा पत्रा कमकुवत झाला, तर वेगातील गाडी वळणावर विश्वासाची राहत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नसून सुरक्षिततेचा आहे.

खोलणे सोपे, जुळवणे अवघड

कामाची सुरुवात गाडी पूर्ण मोकळी करण्यापासून होते. इंजिन, दारे, काचा, डॅशबोर्ड, वायरिंग असे सारे उतरवले जाते. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून त्यावर चिठ्ठी लावायची आणि उतरवण्यापूर्वी छायाचित्र घ्यायचे, हा शिरस्ता. वर्षभराने जुळणी करताना स्मरणशक्ती कामी येत नाही, चिठ्ठी येते.

मग रिकामा सांगाडा आडवा-उभा फिरवता येईल अशा चौकटीवर चढवला जातो आणि जुना रंग काढला जातो. वाळूचा जोरदार मारा जाड भागांना चालतो. छतासारखा पातळ, सपाट पत्रा त्याने वाकतो. 'आर-३२'चे बॉनेट आणि पुढचे फेंडर तर ॲल्युमिनियमचे आहेत. तेथे रसायनाने रंग सोडवणे श्रेयस्कर.

गंजलेला भाग कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींना आतून आडवे दांडे लावून आधार देतात. तसे न केल्यास उंबरा कापताच सांगाडा खचतो आणि पुढे दार बसत नाही. नवा पत्रा जोडतानाही सलग वेल्डिंग करत नाहीत. थोडे येथे, थोडे तेथे असे टाके घेतल्याने उष्णता एका जागी साचत नाही. त्यानंतर कंपनीच्या मापांशी सांगाडा ताडून पाहिला जातो. सस्पेन्शनच्या जागेत काही मिलिमीटरचा फरक राहिला, तरी चाकांचे अलाइनमेंट जुळत नाही.

प्रायमर, सांधे बंद करणारे सीलर, तळाला जाड लेप, रंग आणि शेवटी पोकळ भागांत मेण अशा क्रमाने संरक्षण दिले की जुळणी सुरू होते. आधी ब्रेक व इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग, मग नव्या रबरी बुशांसह सस्पेन्शन, त्यानंतर इंजिन. सुरुवातीच्या 'आर-३२' इंजिनांत क्रँकशाफ्टवरून ऑइल पंप फिरवणारी पकड अरुंद होती. इंजिन खोललेलेच असेल, तर हा दोष त्याच वेळी दूर करून घेतात. पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून इंजिन नुसते फिरवले जाते. तेलाचा दाब दिसल्यावरच ठिणगी!

कंपन्याही मैदानात

सुटे भाग मिळेनासे झाले, तर ही सारी मेहनत अडून बसते. ही अडचण ओळखून निसानने २०१७ मध्ये 'आर-३२'चे बंद झालेले काही भाग पुन्हा बनवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. माझदाने त्याच वर्षी पहिल्या पिढीच्या रोडस्टरची दुरुस्ती स्वतःच करून देण्याची घोषणा केली, तर टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्राचे भाग पुन्हा उपलब्ध केले. होंडा तर १९९३ पासून आपल्या 'एनएसएक्स'ला नवी झळाळी देण्याची सेवा पुरवत आली आहे.

ओळख कशात?

इंजिन, आसने, चाके, अगदी बाहेरचे पत्रे बदलूनही गाडी तीच राहते. 'आर-३२'चा चासी क्रमांक इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधील पोलादी भिंतीवर कोरलेला असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तीच तिची ओळख. क्रमांकाचा तुकडा कापून दुसऱ्या सांगाड्यावर जोडणे ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे.

भाव चढल्यावर अशा फसवणुकीचा आणि गंजावर पुट्टी भरून रंग मारण्याचा मोह वाढतो. नवा रंग चढल्यावर आत काय दडले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून 'पूर्ण नव्याने उभारलेली' असे सांगून विकल्या जाणाऱ्या गाडीसोबत उघड्या सांगाड्याची, कापलेल्या आणि जोडलेल्या प्रत्येक भागाची छायाचित्रे मागावीत. प्रामाणिक कारागिराकडे ती असतात. ती नसतील, तर चकाकत्या रंगाची किंमत मोजण्यापूर्वी गाडी उचलून तिचा तळ जाणकाराकडून तपासून घेणेच शहाणपणाचे.