कॅन्सर गेला, त्रास राहिला. तो लपवू नका

गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होते, रिपोर्ट चांगला येतो, घरात अल्लाहचा शुक्र अदा केला जातो. पण त्यानंतर काही रुग्ण हळूहळू घराबाहेर पडेनासे होतात. लग्नाला जात नाहीत, एस.टी.चा प्रवास टाळतात, जुम्याला मस्जिदीत जाणे सोडतात. विचारले तर सांगत नाहीत, कारण शौचावर ताबा राहिलेला नसतो आणि ते बोलण्याची शरम वाटते.

हे का होते?

गुदाशय ही मल साठवून ठेवणारी जागा आहे. ती काढून मोठे आतडे खाली जोडले की साठवण कमी होते. वारंवार थोडेथोडे शौचास होणे, अचानक घाई होणे, वारा आहे की मल हे न कळणे, ही त्याची लक्षणे. डॉक्टर याला ‘लार्स’ म्हणतात. 2012 मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी पाच प्रश्नांची गुणपत्रिका तयार केली. 42 पैकी 30 किंवा अधिक गुण म्हणजे त्रास तीव्र.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, ते गाठ परत येण्याचा धोका कमी करते. पण त्याचे काही परिणाम कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतात: शौचातून किंवा लघवीतून रक्त, लघवीची घाई, कंबरेखालची हाडे कमजोर होणे. स्त्रियांची पाळी कायमची थांबू शकते, योनीमार्ग आखडतो. पुरुषांत ऑपरेशन व रेडिएशनमुळे नसांना इजा होऊन लैंगिक दुर्बलता येते. मूल हवे असलेल्या जोडप्याने उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

उपाय आहेत

पहिल्या एक-दोन वर्षांत त्रास बराचसा कमी होऊ शकतो. आहारातील बदल, इसबगोल, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोपेरामाइड, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, आतडे पाण्याने धुण्याची पद्धत यांचा उपयोग होतो. काहींना पोटावर पिशवी, म्हणजे स्टोमा, हाच अधिक सुखाचा मार्ग ठरतो. रक्त दिसले तर मूळव्याध समजून घरगुती इलाज करू नका. रेडिएशन घेतल्याचे प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा.

नमाज आणि रोजा

शरीअतने अशा रुग्णाला वाऱ्यावर सोडलेले नाही. ज्याला मल, वारा किंवा लघवी रोखताच येत नाही तो माझूर ठरतो. त्याने नमाजची वेळ झाल्यावर नवा वझू करावा. नंतर त्याच कारणाने काही निघाले तरी नमाज होते. शर्ती आणि तपशील हनफी व शाफई मसलकांत वेगळे आहेत, ते आपल्या आलिमांकडून समजून घ्या. लहान आतड्याची पिशवी असलेल्याच्या शरीरातून पाणी व मीठ फार जाते. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे.

घरच्यांसाठी

पुढच्या तपासणीपूर्वी सात दिवसांची नोंद करा: किती वेळा शौच, किती वेळा कपडे खराब झाले, काय खाल्ले होते. तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. तोंडाने सांगणे अवघड असेल, तर कागद सांगेल. आणि अब्बा किंवा अम्मी कार्यक्रमाला येत नसतील तर आग्रहापूर्वी विचारा, “तिथे शौचालय जवळ हवे का?” डॉक्टर कॅन्सरची तपासणी करतील, पण हा त्रास सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.