विणकाम करणारी गुप्तहेर

आम्हाला रहस्यकथांचं वेड आहे, त्यातही अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेच्या. तिची मिस मार्पल १९३० साली कादंबरीत आली. मिस मार्पल म्हणजे खेड्यात एकटी राहणारी म्हातारी. दारात बाग, हातात विणकाम. तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही, म्हणून लोक तिच्यासमोर मोकळेपणी बोलतात. गावातल्या माणसांचे स्वभाव तिला पाठ असतात. त्यावरून ती खुनाचा छडा लावते, पोलीस बघतच राहतात.

ख्रिस्तीबाईंचं 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालं. कोरोनातला खंड सोडला तर आजही चालू आहे. खेळ संपल्यावर प्रेक्षकांना सांगतात, खुनी कोण ते बाहेर बोलू नका!

या कथांत सगळ्यांचा संशय ज्याच्यावर, तो बरेचदा निर्दोष निघतो. मिस मार्पल आधी विचारते, कोण कधी कुठे होतं? फायदा कोणाचा झाला? याचा मेळ बसला तरच नाव घेते. आपल्याकडे काही हरवलं की बोट आधी गरिबाकडे वळतं. म्हणून सख्यांनो, गटाच्या हिशेबात पैसे कमी पडले तर आधी वही तपासा, पावत्या मोजा. नाव मागाहून.