मालक आजारी पडला तर गाळा कोण उघडणार?



आज भांडवल नाही, मार्केटिंग नाही, जीएसटी पण नाही. आज एकच प्रश्न. उद्यापासून महिनाभर तुम्ही अंथरुणावर पडलात, तर तुमचा धंदा किती दिवस चालेल?

मोठ्या कंपनीत मॅनेजर रजेवर गेला की दुसरा त्याचं काम बघतो. आपल्या जुन्नर-आंबेगावात तसं नसतं. नारायणगावचा टोमॅटो व्यापारी घ्या, मंचरचा कृषी सेवा केंद्रवाला घ्या, नाहीतर आळेफाट्याचा हॉटेलमालक. खरेदी तोच बघतो, वसुली तोच करतो, बँकेतही तोच जातो. कोणाकडे किती उधारी आहे, हे वहीपेक्षा त्याच्या डोक्यात जास्त असतं. 2023 च्या जुलैमध्ये नारायणगावात टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला होता. अशी तेजी दरवर्षी येत नाही. नेमका तेव्हाच मालक दवाखान्यात असला, तर नुसतं बिल भरून भागत नाही. हंगामच हातचा जातो.

धंदा वाढतो, चालणं घटतं

सुरुवातीला तुम्ही स्वतः माल उचलता, गाडी भरता, दहा ठिकाणी चकरा मारता. मग धंदा वाढतो. माणसं ठेवता, टेम्पो घेता आणि तुम्ही गल्ल्यावर बसता. अंगमेहनत संपते, पण ताटातलं जेवण शेतात राबणाऱ्या माणसाचंच राहतं.

"अहो सर, दिवसभर दगदग असते की!" असं बरेच जण म्हणतील. पण दगदग म्हणजे व्यायाम नव्हे. 1953 मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. बस तीच, रस्ता तोच. पण बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होत होता. आता स्वतःला विचारा, माझ्या धंद्यात मी ड्रायव्हर आहे की कंडक्टर?

"मी तर बारीक आहे"

हा दुसरा गैरसमज. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाच्या हिशोबाने निघणारा बीएमआय दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! म्हणजे आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी आत चरबी साठलेली असू शकते. त्यामुळे नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या. कंबरेचा घेर पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या आणि महिलांचा 80 सेंटिमीटरच्या आत हवा.

पहाटे फिरायला जा, हा सल्ला इथे चालत नाही

शहरातले लोक सांगतात, पाच वाजता उठून फिरायला जा. आपल्याकडे दोन अडचणी आहेत. अनेकांचं काम पहाटेच सुरू होतं. आणि उसाच्या कडेने अंधारात एकट्याने चालायचं, तर बिबट्याची भीती खरी आहे. मग व्यायाम सोडायचा का? नाही. तो उजेडात आणि कामाच्या वेळेतच बसवायचा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आठवड्यात 10,080 मिनिटं असतात. म्हणजे आपण दीड टक्का वेळ मागतोय. एवढी सूट तर तुम्ही गिऱ्हाइकाला हसत देता! शिवाय हा वेळ एकदम काढायची गरज नाही. दहा-दहा मिनिटांचे हप्ते चालतात.

हा घ्या प्लॅन:

1. फोन आला की उभं राहा. भाव ठरवणं, ऑर्डर घेणं, वसुली, सगळे कॉल गाळ्यात नाहीतर आवारात चालत करा. रस्त्यावर नको.

2. जेवणानंतर दहा मिनिटं चाला. जेवल्यावर वाढणारी साखर यामुळे आटोक्यात राहते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा.

3. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे. उठाबशा, जोर, जमेल तसं. महागडी जिम लागत नाही.

4. चहाचा हिशोब ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक कप, असे आठ कप झाले आणि कपात दोन चमचे साखर असली, तर 16 चमचे होतात. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा साधारण 12 चमचे धरतात. म्हणजे इथे रोज तोटाच आहे. गिऱ्हाइकाला चहा द्या, स्वतः प्रत्येक वेळी घेऊ नका.

5. सुट्टीला चढ चढा. लोक लांबून गाड्या करून शिवनेरी आणि लेण्याद्री चढायला येतात. आपल्या तर दारातच आहेत. महिन्यातून एकदा घरच्यांना घेऊन जा.

6. 31 मार्चला शरीराचंही ऑडिट करा. वर्षाचा हिशोब बंद करताना बीपी आणि शुगर तपासून घ्या. आधीपासून त्रास असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना भेटा.

आता आजचं होमवर्क. एक कागद घ्या आणि धंद्यातली फक्त तुम्हालाच येणारी पाच कामं लिहा. त्यातलं एक काम या महिन्यात घरच्या माणसाला किंवा विश्वासू कामगाराला शिकवा. त्यातून रोजची जी तीस मिनिटं सुटतील, ती चालण्यासाठी ठेवा. तुम्ही ठणठणीत राहालच, आणि एखाद्या दिवशी तुम्ही नसलात तरी गाळा वेळेवर उघडेल.