वल्हं कशाचं करायचं?

रोइंगच्या शर्यतीतल्या वल्ह्याकडून फार काही मागायचं नसतं. हातात हलकं लागावं आणि जोर लावला की लवू नये, एवढंच. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबवर रेगाटासाठी सराव करणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही. पण तोच प्रश्न मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात टाकून बघा: वल्हं कशाचं करायचं? कोणी स्टील म्हणेल, कोणी अ‍ॅल्युमिनियम, मागच्या बाकावरून हमखास ‘कार्बन फायबर’ येईल. ‘का?’ असं विचारलं की वर्ग गप्प.

यात मुलांचा दोष नाही. मटेरियल सायन्सचा पेपर अणूपासून सुरू होतो. युनिट सेल, बीसीसी, एफसीसी, मग लोखंड-कार्बन आकृती, मग उष्णतोपचार. हे सगळं लागतंच. पण वाट इतकी लांबची आहे की ‘अमुक कामासाठी तमुक पदार्थ का’ या मुक्कामापर्यंत पोचण्याआधीच सेमिस्टर संपतं. आकृती पाठ होते, निवड मात्र शिकायची राहून जाते.

हे उलटं करून पाहणाऱ्यांमध्ये केंब्रिज विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅशबी यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं. यंत्ररचनेसाठी पदार्थ कसा निवडावा यावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक १९९२ मध्ये आलं. त्यात सुरुवात अणूपासून नाही, कामापासून आहे. वस्तूने काय करायचं आहे ते आधी, पदार्थ नंतर. हीच पद्धत संगणकावर आणण्यासाठी अ‍ॅशबी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड सेबॉन यांनी १९९४ मध्ये ग्रँटा डिझाइन ही कंपनी काढली. तिचं शिकवण्यासाठीचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं ‘सीईएस एज्युपॅक’ नावाने चाललं. २०१९ मध्ये अ‍ॅन्सिस या कंपनीने ग्रँटा विकत घेतली आणि आता ते ‘ग्रँटा एज्युपॅक’ म्हणून कॉलेजांत दिसतं.

उघडल्यावर आधी पातळी निवडायची असते. पहिल्या पातळीवर साधारण सत्तर पदार्थ, दुसऱ्यावर शंभरेक, तिसऱ्यावर काही हजार. पहिल्या वर्षाच्या मुलाला थेट तिसऱ्या पातळीवर सोडलं तर तो स्टीलच्या ग्रेडच्या रानात हरवेल, म्हणून ही सोय. मला या सॉफ्टवेअरमधली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

एखाद्या पदार्थावर क्लिक केलं की त्याचं पान उघडतं. वापराचं एखादं चित्र, चार ओळी वर्णन आणि खाली आकडे: घनता, किंमत, यंग्ज मॉड्युलस, यील्ड स्ट्रेंग्थ, फ्रॅक्चर टफनेस, उष्णतावहन वगैरे. आकडा एकच नसतो, ‘इथपासून इथपर्यंत’ असा पट्टा असतो. कमी कार्बनच्या स्टीलची घनता घनमीटरला ७,८०० ते ७,९०० किलो, हा अरुंद पट्टा. लाकडाचा मॉड्युलस मात्र ६ ते २० गिगापास्कल, कारण लाकूड म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते अख्खं गोत्र आहे. काही आकड्यांपुढे तारांकन दिसतं. तो आकडा मोजलेला नाही, अंदाजाने भरलेला आहे, असा त्याचा अर्थ. शिक्षकाने पहिल्याच तासाला ही चांदणी दाखवून द्यावी.

खरी गंमत तक्त्यात आहे. आडव्या अक्षावर घनता घ्या, उभ्यावर यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप. दोन्ही अक्ष लॉगॅरिदमिक, म्हणजे प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट. रबरापासून हिऱ्यापर्यंत मॉड्युलस लाखपटीहून जास्त बदलतो. तेवढा पसारा एका पानावर मावायला दुसरा उपाय नाही. प्रत्येक पदार्थ या तक्त्यावर फुगा होऊन बसतो, पट्टा जितका रुंद तितका फुगा मोठा. धातू वर उजवीकडे, सिरॅमिक त्यांच्याही वर, पॉलिमर मध्यावर, फोम खाली डावीकडे. लाकडं मधल्याच पट्ट्यात, पण पॉलिमरपेक्षा डावीकडे आणि वर, म्हणजे हलकी असून जास्त ताठ. एकेका कुटुंबाचा मोहल्ला ठरलेला आहे, हे मुलांना पहिल्यांदा इथे दिसतं.

आता वल्हं. इथे माउस बाजूला ठेवून कागद घ्यायचा. वल्हं म्हणजे एक दांडा, जो वाकवला जातो. लांबी ठरलेली आहे. किती ताठ हवं तेही ठरलेलं: वल्ह्याची चाचणी घेताना ते कॉलरपाशी पकडून २.०५ मीटरवर १० किलो वजन टांगतात. नरम वल्हं सुमारे ५० मिलिमीटर लवतं, कडक ३०. मोकळं काय राहिलं? दांड्याची जाडी आणि पदार्थ. हिशेबापुरता छेद भरीव चौकोनी धरू. वाकण्याविरुद्धचा ताठपणा मॉड्युलस गुणिले छेदाच्या क्षेत्रफळाचा वर्ग या प्रमाणात असतो. ताठपणा ठरवून टाकला की लागणारं क्षेत्रफळ मॉड्युलसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येतं. वजन म्हणजे क्षेत्रफळ गुणिले लांबी गुणिले घनता. पहिलं दुसऱ्यात घाला, जाडी गळून पडते आणि उरतं ते असं: मॉड्युलसचं वर्गमूळ भागिले घनता, हे ज्याचं जास्त, त्याचा दांडा हलका. याला निर्देशांक म्हणतात. सगळ्या पद्धतीचा जीव या दोन ओळींच्या बीजगणितात आहे, सॉफ्टवेअर नंतर फक्त हमाली करतं.

लॉग तक्त्यावर हा निर्देशांक एक सरळ रेघ होतो, २ उताराची: एक घर उजवीकडे, दोन घरं वर. एका रेघेवरचे सगळे पदार्थ या कामाला सारखेच. माउसने रेघ धरून वर डावीकडे सरकवत नेली की खालचे फुगे एकेक करून राखाडी पडत जातात आणि बाजूच्या यादीत मोजकी नावं उरतात.

आकडे घालून पाहू. २० मिलिमीटर बाजूचा चौकोनी स्टीलचा बार घ्या. एक मीटर लांबीचं वजन ३.१४ किलो. वाकायला तेवढाच ताठ अ‍ॅल्युमिनियमचा बार २६.३ मिलिमीटर जाड होतो, पण भरतो १.८७ किलो. लाकूड (मॉड्युलस १२ गिगापास्कल, घनता ७००) सुमारे ४१ मिलिमीटर जाड, वजन १.१७ किलो. कार्बन फायबर कंपोझिट २३.५ मिलिमीटर आणि जेमतेम ०.८६ किलो. शर्यतीची वल्ही आधी स्प्रूसच्या लाकडाची होती आणि आता कार्बन फायबरची आहेत, याचं कोडं इथे सुटतं. लाकडाने इतकी वर्षं तग धरला तो परंपरेमुळे नव्हे, आकड्यांच्या बळावर.

मग मुलाला विचारा: वाकवायचं नसेल, नुसतं ओढायचं असेल तर? म्हणजे दांड्याऐवजी ताण घेणारी सळई. गणित बदलतं. वर्गमूळ जातं आणि निर्देशांक होतो मॉड्युलस भागिले घनता. आता स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम जवळजवळ एकाच रेघेवर येतात: स्टीलचे साधारण २७, उरलेल्या दोघांचे २६ च्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम ‘हलकं’ असतं हे आपण सरसकट बोलतो. ताणात, सारख्याच ताठपणासाठी, ते स्टीलइतकंच जड पडतं. फायदा होतो तो वाकण्यात, आणि पत्र्यासारख्या सपाट भागात आणखी जास्त, कारण तिथे वर्गमुळाच्या जागी घनमूळ येतं. वर्गात थांबायची जागा ही आहे. इथे पूर्ण तास गेला तरी हरकत नाही.

याच रेघेने एक फसवणूकही होते. काचेचा मॉड्युलस अ‍ॅल्युमिनियमइतकाच, सुमारे ७०, आणि घनता किंचित कमी. म्हणजे निर्देशांकानुसार काचेचं वल्हं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस! सॉफ्टवेअर बिनतक्रार काच यादीत ठेवतं, कारण तुटण्याबद्दल आपण त्याला काही विचारलेलंच नाही. म्हणून रेघेआधी अटी घालाव्या लागतात. फ्रॅक्चर टफनेसची किमान मर्यादा टाकली की काच आणि सिरॅमिक एका फटक्यात बाहेर. स्थळं पाहताना आधी न जमणारी बाजूला काढतात आणि उरलेल्यांत पसंती ठरते, तसाच हा क्रम: आधी चाळणी, मग क्रमवारी. शेवटी उरलेल्या चार-पाच नावांची कुंडली, म्हणजे गंज, दुरुस्ती, उपलब्धता, कारखान्यातला अनुभव, वाचून बघायची. ही तिसरी पायरी आकड्यांत बसत नाही आणि घाईत हीच वगळली जाते.

पदार्थ ठरला तरी तो घडवायचा कसा हा प्रश्न उरतो, आणि इथे डेटाबेसचा दुसरा अर्धा भाग कामाला येतो. आकार देणं, जोडणं आणि पृष्ठभागावरचे संस्कार अशी प्रक्रियांची तीन घराणी त्यात आहेत. प्रत्येक प्रक्रियेच्या पानावर केवढ्या वजनाचा भाग, किती पातळ भिंत, किती टॉलरन्स, किती खडबडीतपणा आणि किती नगांपासून परवडेल हे दिलेलं असतं. पदार्थांची पानं प्रक्रियांच्या पानांना जोडलेली असल्याने ‘हे अ‍ॅल्युमिनियम, पण डाय कास्ट होतं का?’ याचं उत्तर एका क्लिकवर मिळतं.

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याला हे हिशेब तोंडपाठ असतात. मुलांना ते उदाहरणाने मांडून दाखवावे लागतात. समजा एका अ‍ॅल्युमिनियमच्या घरासाठी, म्हणजे हाउसिंगसाठी, सँड कास्टिंगचा पॅटर्न २०,००० रुपयांचा आणि पुढे दर नगाला ३०० रुपये. प्रेशर डाय कास्टिंगची डाय ८ लाखांची, पण नग ९० रुपयांत. (आकडे समजुतीपुरते.) डायचे जादा ७,८०,००० रुपये दर नगामागच्या २१० रुपये बचतीने भागले की ३,७१४ येतात. तेवढ्या नगांखाली वाळू, वर डाय. सॉफ्टवेअर हाच हिशेब वक्ररेषा काढून दाखवतं: सुरुवातीला उंच, मग नग वाढतील तशी उतरत जाणारी. दोन वक्ररेषा जिथे छेदतात तिथे निर्णय. त्यात टॉलरन्सची अट घातली की चित्र पुन्हा बदलतं, कारण वाळूत मिलिमीटरभराची चूक चालवून घ्यावी लागते आणि पुढचं मशिनिंग वेगळं.

पर्यावरणाचा हिशेब करणारं इको ऑडिट नावाचं एक साधनही आत आहे. पदार्थ, निर्मिती, वाहतूक, वापर आणि शेवट अशा टप्प्यांवर किती ऊर्जा लागते व किती कार्बन बाहेर पडतो हे ते खांबांच्या आलेखात दाखवतं. खनिजापासून किलोभर अ‍ॅल्युमिनियम काढायला सुमारे २०० मेगाज्यूल ऊर्जा लागते, स्टीलला त्याच्या सातव्या-आठव्या भागाइतकी. पण गाडीत तेच अ‍ॅल्युमिनियम वजन घटवून वापराच्या टप्प्यात इंधन वाचवतं. कोणता खांब सर्वांत उंच आहे ते आधी पाहा, हाच या साधनाचा धडा.

मर्यादा सांगायलाच हव्यात. हे आकडे शिकण्यासाठी आणि सुरुवातीच्या निवडीसाठी आहेत. त्यांच्या भरवशावर पूल किंवा प्रेशर व्हेसल बांधायचं नसतं. तिथे प्रमाणित संहिता आणि पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट लागतं. दुसरा धोका शिकवण्यातलाच आहे. रेघ सरकवणं इतकं सोपं आहे की मुलं निर्देशांक कुठून आला हे न विचारताच यादी छापून आणतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने तो कागदावर काढलेला नाही त्याला त्या दिवशी संगणकापाशी बसवू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. एज्युपॅकला कॉलेजने परवाना घ्यावा लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत तो नाही. म्हणून विषय सोडून द्यायचं कारण नाही. केंब्रिज विद्यापीठाचेच ‘डूइटपॉम्स’ नावाचे मटेरियल सायन्सचे पाठ इंटरनेटवर फुकट आहेत, ‘मॅटवेब’वर हजारो पदार्थांचे आकडे शोधता येतात, एनपीटीईएलवर आपल्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. आणि शिक्षकाने ठरवलं तर तीस पदार्थांची घनता आणि मॉड्युलस एका स्प्रेडशीटमध्ये भरायला एक दुपार पुरते. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, सागवान, बांबू, नायलॉन, पीव्हीसी, काच, काँक्रीट, जे मुलांच्या हाताखालून गेलं आहे ते घ्या. आलेख काढा, रेघ मुलांनाच काढू द्या, आणि दोन्ही अक्ष लॉगॅरिदमिक करायला विसरू नका. साध्या स्केलवर सगळी प्लास्टिकं आणि लाकडं खालच्या कोपऱ्यात एकमेकांवर बसतात आणि काहीच दिसत नाही.