दुकानं दोन, कर तीन

भिलाईच्या सेक्टर १० मधून ऑनलाइन चिवडा विकताय आणि नागपुरातही दुकान आहे? मग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दुकानांचे जीएसटी क्रमांक वेगळे भरा. छत्तीसगडचा २२ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. पॅकबंद चिवड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. भिलाईहून रायपूरला पार्सल गेलं तर सीजीएसटी-एसजीएसटी अडीच-अडीच, पुण्याला गेलं तर सगळा आयजीएसटी.

खरी गोम पुढे. पुण्यातला मुलगा पैसे भरतो, डबा मात्र भिलाईत आईकडे जातो. अशा घरगुती ग्राहकासाठी डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, बिलिंगचा नाही. गंमत म्हणजे दुकान सेक्टर १० मधलं आणि हा नियमही आयजीएसटी कायद्याच्या कलम १० मधलाच! सेटिंगमध्ये 'शिपिंग ॲड्रेस' निवडलंय ना, आजच बघा.