छत्रपती संभाजीनगर परिसरातील वारसा पर्यटन

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील शहर अजिंठा व वेरूळ या जागतिक वारसा स्थळांसाठी प्रसिद्ध आहे. शहराचा विमानतळ पूर्वेस जालना रस्त्यावर चिकलठाणा येथे आहे. शहरापासून वेरूळ वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर, तर अजिंठा ईशान्येस सुमारे १०० किलोमीटरवर आहे. लेणी, दुर्ग, दऱ्या व धबधबे ही येथील आकर्षणे एकाच काळ्या पाषाणातून घडलेली आहेत. त्यामुळे या परिसरात निसर्गाचे रक्षण आणि वारशाचे जतन हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

भूरचना

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसाल्ट खडक तयार झाला. यातील काही थर एकसंध व टणक, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. टणक थरात कोरीवकाम टिकते. भेगांतून मात्र पावसाचे पाणी झिरपत राहते.

वेरूळ

येथे क्रमांक दिलेली ३४ लेणी असून त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन आहेत. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे हे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील (इ.स.चे आठवे शतक) मानले जाते. हे मंदिर डोंगर माथ्याकडून पायथ्याकडे खोदत नेऊन घडविलेले आहे. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. जवळच घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग असून अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला.

अजिंठा

वाघूर नदीच्या नालेच्या आकाराच्या वळणावर ३० लेणी आहेत. दरीच्या टोकाशी नदी सात टप्प्यांनी खाली उतरते; या ठिकाणास सातकुंड म्हणतात. नवव्या व दहाव्या लेण्यांसारखी जुनी लेणी इसवी सनापूर्वीची असून उत्तरकालीन लेणी इ.स.च्या पाचव्या शतकात, मुख्यतः वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात खोदली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिल्याचे तेथील शिलालेखावरून समजते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी येथे पोहोचला. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली.

अन्य स्थळे

देवगिरी (दौलताबाद) हा यादवांच्या राजधानीचा दुर्ग आहे. त्याच्या डोंगराचे कडे तासून उभे केलेले असून बालेकिल्ल्याकडे जाणारी अंधारी वाट खडकातूनच काढलेली आहे. कन्नडजवळ गौताळा औट्रमघाट अभयारण्य (स्थापना १९८६) व पितळखोरे ही प्राचीन बौद्ध लेणी आहेत. ठिसूळ खडक व झिरपणारे पाणी यांमुळे पितळखोऱ्याच्या लेण्यांची मोठी पडझड झाली आहे.

जतनाचे प्रश्न

अजिंठ्याची चित्रे माती, भुसा व तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ लेप देऊन, तो वाळल्यानंतर रंगविलेली आहेत. असा गिलावा दमटपणाने सैल होतो व त्यास कीड लागते. वटवाघळांची विष्ठा आणि पर्यटकांच्या श्वासातील बाष्प यांचीही त्यात भर पडते. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. या तंतूंमुळे किडीपासून संरक्षण मिळाले असावे, असे अभ्यासकांनी मांडले.

रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर तयार केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ च्या लंडनमधील आगीत जळाल्या. निजाम सरकारने १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांकडून सुटू लागलेला गिलावा पक्का करून घेतला; परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे वार्निश पुढे पिवळे पडले व मूळ रंग झाकोळले. ते उतरविण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास करावे लागले.

अजिंठा व वेरूळ यांना युनेस्कोने १९८३ साली जागतिक वारसा स्थळांचा दर्जा दिला. पुढे जपानच्या अर्थसाहाय्याने राबविलेल्या प्रकल्पात लेण्यांच्या जतनाबरोबर वनीकरण, रस्ते व चिकलठाणा विमानतळाचा विकास यांचाही समावेश होता.

प्रवास

अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्यास खासगी वाहने फर्दापूर फाट्यावरच थांबवावी लागतात. पुढील सुमारे चार किलोमीटरचे अंतर बसने जावे लागते. धुराचा त्रास दरीला व चित्रांना होऊ नये, हा या व्यवस्थेमागील उद्देश आहे. चित्रांजवळ फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. धबधबे व हिरवाई पाहण्यास पावसाळा, तर चालण्याच्या दृष्टीने हिवाळा सोयीचा असतो.